रुतलेल्या बायका

गावात एखादी गोष्ट एकदा घडली तर लोक विसरतात. तीनदा घडली तर लक्षात ठेवतात. पाचव्यांदा घडली की त्या माणसाला तिचं नावच पडतं. आमच्या महिला बचत गटाचं कागदावरचं नाव वेगळं आहे, चांगलं आहे, त्यात प्रगती का उन्नती असा काहीतरी शब्द आहे. पण घोटीच्या बाजारात आम्हाला ‘रुतलेल्या बायका’ म्हणतात.

परवा मी मेथीची जुडी निवडत होते, तर शेजारच्या अनोळखी बाईनं विचारलं, “तुम्ही त्या रुतलेल्या का?”

मी म्हटलं, “हो.”

“मंग ते नानांचं काय झालं होतं, ते सांगा ना.”

तिची जीप सुटत होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ती बाई सगळं ऐकूनच गेली. तेव्हा म्हटलं, एकदा सगळेच किस्से सांगून टाकावेत.

आधी थोडी ओळख. आमचा गट अकरा जणींचा. गाव घोटीपासून आत, भाताच्या पट्ट्यातलं. गटाला एक ट्रॅक्टर मिळाला आणि त्याला पुढच्या बाजूला लोडर. लोडर म्हणजे दोन लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला भलंमोठं सूप असावं तसं बकेट. माती उचला, शेणखत भरा, रस्त्यावरची दरड बाजूला करा, सगळी कामं होतात. चालवते माझी मोठी जाऊ, चंद्रकला. मी तिला ताई म्हणते. तिचं माहेर सिन्नरकडचं, कोरड्या गावातलं. लग्नाआधी ती वडिलांचा ट्रॅक्टर चालवायची. म्हणजे ताईला ट्रॅक्टर येत होता. चिखल येत नव्हता.

मी मागच्या चाकाच्या मडगार्डवर बसते. रुतलं की खाली उतरायचं, वाकून बघायचं आणि किती रुतलंय ते सांगायचं, हे माझं काम. गटाच्या ठरावात ते लिहिलेलं नाही, पण दुसरं कुणी करत नाही.

*

ट्रॅक्टर आला तेव्हा लोडर शिकवायला नाशिकहून एक माणूस आला होता. कडक इस्त्री, स्वच्छ बूट. ताई सीटवर बसलेली, इंजिन चालू. तो खाली उभा राहून काहीतरी सांगत होता.

“काय म्हणता?” ताईनं विचारलं.

तो परत बोलला. ताईला परत ऐकू आलं नाही. असं तीन-चारदा झालं. शेवटी तिनं इंजिन बंद केलं.

“हां, बोला.”

“नाही, म्हटलं ताई, घाबरू नका. पहिल्यांदा सगळ्यांनाच भीती वाटते.”

“बरं,” ताई म्हणाली आणि इंजिन परत चालू केलं.

मग ती ट्रॅक्टर घेऊन गेली ती थेट शाळेला वळसा घालून आली. लोडर वर, लोडर खाली, बकेट उघड, बकेट मिट, सगळं करून बघितलं आणि येऊन त्या माणसासमोर थांबली. बकेट खाली टेकवलं ते त्याच्या स्वच्छ बुटांपासून वीतभर अंतरावर. तो दोन पावलं मागे सरकला.

ताईनं इंजिन बंद केलं.

“पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटते,” ती म्हणाली.

*

पहिल्यांदा रुतलो ते आमच्याच भातखाचरात. बांध फुटला होता, पाणी वाहून चाललं होतं, तिथं माती टाकायची होती. ताईनं ट्रॅक्टर बांधाच्या कडेनं घातला आणि मागचं उजवं चाक हळूच खाली बसलं. आवाज नाही, काही नाही. म्हैस बसते तसं.

दहा मिनिटांत वीस माणसं जमली. आमच्या ग्रामसभेला कधी कोरम भरत नाही. त्या दिवशी बांधावर भरला.

त्यात काशिनाथ नाना होते. गावात पहिला ट्रॅक्टर त्यांनी आणला, त्यामुळे ट्रॅक्टर या विषयावर गावात त्यांचा शब्द शेवटचा. नानांनी धोतराचा सोगा वर खोचला, चाकाकडे बघितलं आणि म्हणाले, “रेस दे, पोरी. रेस.”

ताईनं रेस दिली. चाक जागच्या जागी फिरलं आणि आणखी वीतभर आत गेलं.

“अजून दे.”

तिनं अजून दिली. आता ट्रॅक्टर पोटावर टेकला. ताईनं इंजिन बंद केलं, बांधाकडे वळून बघितलं आणि विचारलं, “रेस द्यायला कोण सांगत होतं?”

वीस माणसं भाताकडे बघायला लागली.

मग कुणीतरी बैलजोडी आणली. दोर बांधला. बैलांनी जोर केला, दोर तुटला. आता बैलांना कुणी सांगितलं नाही की काम झालेलं नाही. त्यांना ओझं हलकं लागलं, ते पुढं निघाले, ते सरळ घरी गेले. त्यांचा मालक त्यांना आणायला गेला. तोही परत आला नाही.

शेवटी शेजारच्या गावातून माती खोदायचं पिवळं मशीन मागवलं. त्याचा ऑपरेटर उतरला, ट्रॅक्टरला एक फेरी मारली आणि ताईला म्हणाला, “तुमच्या गाडीला पुढं एवढे दोन हात हायेत. मला कशाला बोलावलं?”

“हातांनी काय करायचं?” ताईनं विचारलं.

“टेकवायचे अन् उठायचं,” तो म्हणाला. दोन मिनिटांत आम्हाला बाहेर ओढून तो निघूनही गेला.

तो गेल्यावर नाना म्हणाले, “मी तेच सांगत होतो.”

*

‘टेकवायचे अन् उठायचं’ हे ताईच्या डोक्यात बसलं, पण कसं ते उमगत नव्हतं. ती जेवताना हात पुढं करून ताटाशेजारी टेकवायची आणि बघत राहायची. घरातल्यांना वाटलं, पाठ दुखत असेल.

एक दिवस आम्ही दोघी ओट्यावर तांदूळ निवडत होतो. सासूबाई खाली बसल्या होत्या. त्यांचे गुडघे गेलेले आहेत. त्यांना उठायचं होतं. त्यांनी आधी दोन्ही हात पुढं जमिनीवर टेकवले. हातांवर भार दिला. अंग पुढून वर आलं. मग पाय एकेक करून बरोबर जागी घेतले आणि हातांनीच स्वतःला मागं ढकलत उभ्या राहिल्या.

ताईनं सूप खाली ठेवलं. “आत्या, परत करा बरं.”

“काय?”

“बसा अन् परत उठा.”

सासूबाई बिचाऱ्या परत बसल्या आणि परत उठल्या. ताई चप्पल घालून निघालीच.

तिनं ट्रॅक्टर काढला आणि गावतळ्याच्या काठाला, जिथं गुरंसुद्धा जात नाहीत, तिथं मुद्दाम चिखलात घातला. येणारा-जाणारा विचारायचा, “रुतला का?” ताई सांगायची, “नाही, रुतवला.” लोक मान डोलवून पुढं जायचे. दोनजण घरी निरोप द्यायला आले, की मोठीला जरा देवाला नेऊन आणा.

तिसऱ्या दिवशी जमलं. बकेटचं तोंड खाली करून ते समोर जमिनीत रोवायचं. लोडर खाली दाबला की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात. मग त्या चाकांखाली दगड नाहीतर फळ्या घालायच्या. आणि मागं निघायचं असेल तर बकेट बाहेरच्या अंगाला उघडत न्यायचं, ते जमिनीला रेटतं आणि ट्रॅक्टर हातभर मागं सरकतो. परत रोवायचं, परत रेटायचं. एका वेळी हातभर. रेस अजिबात द्यायची नाही.

संध्याकाळी ताईनं सासूबाईंना सांगितलं, “आत्या, तुम्ही उठता तसाच ट्रॅक्टर उठवला. तुम्हाला बघून शिकले.”

सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मला उठताना एवढं नीट बघतीस, तर हात द्यायला का नाय येत?”

*

आमच्या गटाच्या अध्यक्ष मीनाताई. त्या भाषण चांगलं करतात. तालुक्याला एका मेळाव्यात त्यांनी सांगितलं, “आम्ही महिला आज स्वतःच्या बळावर चिखलातून वर आलो आहोत.” टाळ्या पडल्या.

ताई माझ्या शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, “ह्या कधी उतरल्या होत्या?”

*

मग आमची माहिती वर गेली आणि एक साहेब बघायला आले. मे महिना. साहेबांबरोबर फोटो काढणारा. साहेब म्हणाले, “तुम्ही ट्रॅक्टर चिखलातून कसा काढता, ते मला प्रत्यक्ष बघायचं आहे.”

ताई म्हणाली, “साहेब, आत्ता चिखल नाही.”

“मग करा ना थोडा.”

साहेबांचा शब्द कसा मोडायचा? मीनाताईंनी टँकर सांगितला. पडीक रानात पाणी सोडलं. ते जमिनीनं पिऊन टाकलं. आणखी सोडलं. तेही प्यायली. दुपारी एकपर्यंत जेमतेम शेण सारवल्यासारखा थर झाला. ताईनं त्यावरून ट्रॅक्टर नेला आणि आणला. रुतेना. साहेब म्हणाले, “जरा प्रयत्न करून बघा.” ताईनं प्रयत्न केला. त्या ट्रॅक्टरनं आयुष्यात पहिल्यांदा ताईचं ऐकलं नाही.

शेवटी साहेब कंटाळले. म्हणाले, “ठीक आहे, समजून सांगा, मी लिहून घेतो.” ताईनं चार वाक्यांत सांगितलं. साहेबांनी अर्धं पान लिहिलं आणि निघाले.

टँकरचं उरलेलं पाणी ड्रायव्हरनं जाताना वाटेच्या वळणावर, नव्या टाकलेल्या मातीत सोडून दिलं होतं. साहेबांची गाडी तिथं बरोबर दाराच्या पायरीपर्यंत बसली.

ताईनं ट्रॅक्टर नेला. बकेट खाली घेतलं, गाडीच्या पुढच्या बंपरला गोणपाट लावून टेकवलं आणि आस्ते आस्ते मागं रेटून गाडी कोरड्यात आणली. काच खाली झाली. फोटो काढणारा पळत आला होता.

“हे घेऊ नका,” साहेब म्हणाले.

*

आता नानांचं, त्या मेथीवाल्या बाईला सांगितलं ते.

पुढच्या पावसाळ्यात, आवणीच्या म्हणजे भातलावणीच्या दिवसांत नानांचा स्वतःचा ट्रॅक्टर रुतला. त्यांच्या ट्रॅक्टरला लोडर नाही. जागा अशी की गावातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसावं. नाना सीटवर बसून होते.

सकाळी कुणी विचारलं, “नाना, रुतला का?”

“छे. इंजिन गार होतंय.”

दुपारी त्यांचा डबा तिथंच गेला. संध्याकाळीही इंजिन गार होत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना पुन्हा सीटवर. इंजिन पहिल्या दिवसापासून सुरूच झालेलं नव्हतं, पण नानांना कोण सांगणार. ताईला बोलवा म्हणून त्यांच्या सुनेनं दोनदा सुचवलं. नाना म्हणाले, “मी काय बायांचा पदर धरून वर येऊ?”

हे वाक्य गावात फिरलं. फिरत फिरत आमच्या ओट्यावर आलं. ताई भाकऱ्या थापत होती. तिनं ऐकलं, पुढची भाकरी तव्यावर टाकली.

तिसऱ्या दिवशी नानांच्या आवणीला मजूर आले. वीस बाया बांधावर उभ्या, रोपं उपटून ठेवलेली, ती उन्हात माना टाकायला लागलेली. खाचर तयार नाही, कारण ट्रॅक्टर मध्येच बसलेला. एक दिवस आणखी गेला असता तर रोपं हातची जाणार होती. नाना अजून सीटवरच होते, पण आता ते रोपांकडे बघत नव्हते.

ताई ट्रॅक्टर घेऊन गेली. मी मडगार्डवर होतेच. नाना लांबूनच म्हणाले, “मी बोलावलं नाय.”

ताईनं ट्रॅक्टर थांबवला. “मी तुमच्यासाठी आलेच नाही, नाना. तुम्ही वाटेत आहात. मला पलीकडं जायचंय.”

नानांनी पलीकडं बघितलं. पलीकडं नानांचंच खाचर होतं आणि त्याच्यापुढं डोंगर.

“बरं,” नाना म्हणाले. “वाट आडवायचा मला हक नाय.”

ताईनं ट्रॅक्टर घट्ट बांधावर उभा करून मागं साखळी लावली, बकेट पुढं जमिनीत रोवलं म्हणजे आपला ट्रॅक्टर घसरणार नाही, आणि ते मिटत, हातभर पुढं सरकत, मागून नानांना हळूहळू बाहेर काढलं. नाना सारा वेळ सीटवर ताठ बसून होते, वरातीत बसतात तसे. बाहेर आल्यावर त्यांनी ताईकडे बघितलं. आम्हाला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

“जा आता,” नाना म्हणाले. “झाली वाट मोकळी.”

*

हा पुढचा मी फार ठिकाणी सांगत नाही.

माझे मोठे दीर, म्हणजे ताईचे नवरे, दगडूदादा. घोटी ते आमचं गाव अशी जीप चालवतात. माणूस बोलत नाही. भाकरी हवी असेल तर ताटाकडे बघतात. ट्रॅक्टर आल्यापासून त्याबद्दल ते एकदाच बोलले होते. म्हणाले होते, “हवा बघून घेत जा.” ती चाकातली हवा, का आभाळाची, हेही ताईला कळलं नव्हतं.

सप्टेंबर सरत आला होता. नाल्यापलीकडच्या वाडीच्या रस्त्यावर दरड आली होती. आम्ही सकाळी जाऊन माती बाजूला केली. वाडीतल्या बायांनी नागलीची भाकरी खाऊ घातली. तीनच्या सुमाराला परत निघालो. नाल्यावर पूल नाही, सिमेंटची फरशी आहे, तिच्यावरून पाणी वाहतं. सकाळी पाणी घोट्याएवढं होतं. येताना फरशी गाळानं झाकलेली होती. ताईनं अंदाजानं घातला. निम्म्यात आलो आणि डावं पुढचं चाक फरशीच्या कडेवरून खाली गेलं.

मी उतरले. वाकून बघितलं. “अर्धं चाक,” मी म्हटलं.

ताई चाकाकडे बघत नव्हती. ती पाण्याकडे बघत होती. सकाळचं स्वच्छ पाणी आता चहासारखं झालं होतं. वर डोंगरात पाऊस लागला होता.

“तू काठावर जा,” ताई म्हणाली.

आमच्या काठाला एक पांढरा दगड आहे. मी काठावर पोचले तेव्हा तो निम्मा दिसत होता.

ताईनं बकेट दाबलं. पुढची चाकं उचलली गेली, पण डाव्या चाकाखाली खड्डाच होता. त्यात काहीतरी घालायला हवं होतं. मी परत पाण्यात जाऊन दगड टाकले. ते पाण्यानं ओढून नेले. ताईनं बकेट सैल केलं की चाक परत तिथंच. तिनं दोनदा केलं, तीनदा केलं.

तेवढ्यात दादांची जीप आली. घोटीहून गावात यायची वाट त्याच काठानं. आठ-दहा माणसं होती, बाजाराच्या पिशव्या होत्या. दादा उतरले, काठाशी आले.

“उतर,” ते म्हणाले.

“ट्रॅक्टर अकरा जणींचा आहे,” ताई म्हणाली.

“बसलीस तू एकटी.”

पांढरा दगड दिसेनासा झाला. दादा थोडा वेळ उभे राहिले आणि वळून जीपकडे गेले. मला वाटलं, रागानं निघाले. मग जीपमधून हातोडीचे घाव ऐकू आले. त्यांनी माणसांना खाली उतरवलं होतं आणि मागची दोन्ही लाकडी बाकं ठोकून मोकळी करत होते.

एक बाक खांद्यावर, एक काखेत घेऊन दादा पाण्यात शिरले. पाणी त्यांच्या मांडीला लागत होतं. ताईनं बकेट दाबलं. चाक वर आलं. दादा वाकले आणि पहिलं बाक चाकाखाली सारायला लागले. हात खांद्यापर्यंत पाण्यात, वर चाक, आणि ते चाक ताईच्या हातातल्या एका लिव्हरवर तोललेलं. बकेटखालचा गाळ सरकला असता तर काय झालं असतं, ते काठावरच्या प्रत्येकाला दिसत होतं.

“अहो, हात काढा,” ताई म्हणाली.

“अजून आत जायला पायजे.”

“आधी हात काढा.”

“तू धरलंय ना?”

“धरलंय.”

“मग धर.”

त्यांनी पहिलं बाक आत सारलं. त्याच्यावर दुसरं सारलं. मग हात काढला आणि बाजूला झाले. ताईनं चाक इतकं हळू खाली घेतलं, की ते बाकावर कधी टेकलं ते कळलं नाही. लहान गिअर टाकला. रेस नाही. लाकूड कडाडलं, चाक फरशीवर चढलं आणि ट्रॅक्टर तसाच सरळ काठावर आला. वळून बघितलं तेव्हा खड्ड्यावरचं पाणी बाकाची एक फळी घेऊन चाललं होतं. थोड्या वेळानं फरशी कुठं आहे तेही कळेना.

ताईनं इंजिन बंद केलं, तरी लिव्हरवरचा हात काढला नाही. दादा बाटलीच्या पाण्यानं कोपर धूत होते, सोलपटलं होतं. दादा माणसांना म्हणाले, “बसा.” माणसं पिशव्या मांडीवर घेऊन जीपच्या तळाशी बसली. जीप पुढं, ट्रॅक्टर मागं, असे आम्ही गावात आलो.

दुसऱ्या दिवशी मला घोटीला जायचं होतं. दादांनी जीपमध्ये गोणपाट अंथरलं होतं, आम्ही सगळे खाली बसलो. पुढच्या थांब्यावर एक म्हातारेबाबा चढले. त्यांनी आत बघितलं, गोणपाट बघितलं, कसेबसे बसले.

“दगडू,” ते म्हणाले, “बाकं कुठं गेली रे?”

दादांनी गिअर बदलला.

“नाल्यात गेली.”

जीप वळण घेऊन सरळ रस्त्याला लागली.

“बाकी सगळं वर आलं,” दादा म्हणाले.